संध्याकाळी सहाला पाणी कुठे असतं?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास नेहमीसारखा गोव्यातल्या आमच्या गावी खाजनाच्या (नदीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेताच्या) बांधावर फिरायला गेलो होतो. नदीकाठचा चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर पक्ष्यांची नुसती झुंबड उडाली होती. तुतवार, चिखल्या, बगळे, शिवाय पंख पसरून वाळवत बसलेले दोन पाणकावळे. खेकडे इतके की चिखलच हलतोय असं वाटावं. तिथूनच पुण्याच्या मावसभावाला फोन लावला आणि बढाई मारली : पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन ये, पन्नास तरी पक्षी दाखवतो.

तो आला. वार तोच, वेळ तीच, बांधही तोच. समोर काठोकाठ पाणी, त्यावर मावळतीचा उजेड आणि विजेच्या तारेवर एक खंड्या. त्या खंड्याचे अकरा फोटो काढून झाल्यावर भाऊ म्हणाला, "बाकीचे रजेवर आहेत का?"

परतताना आमच्या वाड्यावरचे एक काका भेटले. त्यांचं तरुणपण मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, गेलेलं. माझी फजिती ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले, "तूं घड्याळ पळोवन येता, तीं उदक पळोवन येतात." तू घड्याळ बघून येतोस, ती पाखरं पाणी बघून येतात. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचा उलगडा. पाणी कोण हलवतं, ते आत-बाहेर कोण सोडतं आणि त्याप्रमाणे कुठला प्राणी कुठे असतो, एवढं कळलं की संध्याकाळची फेरी बदलूनच जाते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ठरल्यासारखी येणारी 'बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं' ही बातमीही मग वेगळी वाचली जाते.

खाजन म्हणजे काय, आणि मानस कशाला?

गोव्यातल्या नद्या मुखाजवळ अगदी सपाट आहेत. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीवर दिवसातून दोनदा खारं पाणी चढणार. पूर्वजांनी या जमिनीला मातीचे बांध घातले आणि आत भातशेती केली. भरतीच्या पातळीखाली असलेली, बांधाने राखलेली ही जमीन म्हणजे खाजन. गोव्यात अशी जमीन साधारण १८ हजार हेक्टर धरतात. बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्याच्या दगडांचा. हे काम किती जुनं? फोंडा तालुक्यात बांदिवड्याला सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांच्या काळातल्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात खाजन जमीन दान दिल्याचा आणि समुद्राचं पाणी अडवायला बांध घालण्याचा उल्लेख आहे.

नुसता बांध घालून मात्र भागत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शेतातलं ते पाणी बाहेर जायला वाट हवी आणि त्याच वाटेने नदीचं पाणी आत यायला नको. त्यासाठी बांधात जागोजाग मानस बसवतात. चिऱ्यांच्या चौकटीत वरच्या कडेला अडकवलेल्या लाकडी झडपा, असं तिचं साधं रूप.

सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आठवा. हवा एकाच दिशेने जाते, उलट यायला लागली की रबर दाबलं जाऊन वाट बंद होते. मानस तशीच. बाहेर नदी चढली की पाणीच झडपा चौकटीवर दाबून लावतं. नदी उतरली आणि आतलं पाणी उंच झालं की तेच झडपा ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, चौकीदारही नाही. मानशीच्या आतल्या अंगाला एक खोलगट तळी-कालवा असतो, त्याला पोंय म्हणतात. पावसाचं गोडं पाणी आणि फटींतून झिरपलेलं किंवा मुद्दाम आत घेतलेलं खारं पाणी तिथे मिसळतं. शेवटो, काळुंद्र, चोणक हे मासे आणि सुंगटं (कोळंबी) या निमखाऱ्या पाण्यात पोसली जातात.

म्हणजे बांधावर उभं राहिलं की दोन्ही हातांना दोन वेगळी पाणी असतात. एका हाताला रोज दोनदा चढणारी-उतरणारी नदी आणि दुसऱ्या हाताला दाराआडचं, सावकाश हलणारं पाणी. संध्याकाळी जे काही दिसतं ते या दोहोंच्या मध्ये ये-जा करत असतं. ही वहिवाट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

एका आठवड्यात सगळं उलटं कसं झालं?

चंद्र पाणी ओढतो हे शाळेत शिकलेलं असतं. मग भरती दिवसातून एकदाच यायला हवी ना, चंद्र डोक्यावर असताना? दोनदा का येते?

जत्रेला निघालेले तिघे डोळ्यांपुढे आणा. पुढचा झपझप चालणारा, मधला बेताचा, मागचा रेंगाळणारा. मधल्याच्या नजरेने पाहिलं तर दोघंही त्याच्यापासून लांब चाललेत, एक पुढे आणि एक मागे. चंद्राकडच्या बाजूचं पाणी त्याला सगळ्यांत जवळ, म्हणून जास्त ओढलं जातं. पृथ्वी त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यांत कमी. म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसे आपण दिवसातून दोनदा त्या फुगवट्यांतून जातो. प्रत्यक्षात किनारे, उथळ समुद्र, नद्यांची मुखं यांमुळे हा हिशेब बराच वाकडातिकडा होतो. गोव्यात एका दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. पण पाया हाच.

आता उशीर का होतो ते. घड्याळात बाराला दोन्ही काटे एकावर एक असतात. तासाभराने मिनिटकाटा फिरून पुन्हा बारावर येतो, पण तोवर तासकाटा एकवर सरकलेला असतो. त्याला गाठायला मिनिटकाट्याला आणखी पाच-साडेपाच मिनिटं लागतात. पृथ्वी आणि चंद्राचंही तसंच. चोवीस तासांत आपण एक फेरी पूर्ण करतो तोवर चंद्र पुढे गेलेला असतो. त्याच्या समोर यायला सरासरी पन्नास मिनिटं जास्त लागतात. म्हणून आज सहाला असलेली भरती उद्या सातला दहा कमी असताना येते.

सात दिवसांत हा उशीर होतो ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. आणि भरतीपासून सुकतीपर्यंत लागतात सहा तासांहून थोडेसेच जास्त. (ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, आणि चिखल बघितला की तो शब्दच बरा वाटतो.) म्हणजे या रविवारी सहाला सुकती असेल तर पुढच्या रविवारी सहाला जवळजवळ भरती असणार. पाहुण्यांना 'पुढच्या आठवड्यात याच वेळी' बोलावणं म्हणजे नेमकी उलटी वेळ देणं. पंधरा दिवसांनी बोलावलं असतं तर माझी लाज राहिली असती.

तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावरचे मासेमार एक तोंडी हिशेब करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनला भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या अलीकडे भरती आणि संध्याकाळी सहाच्या आत-बाहेर सुकती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. यामागचं गणित वर आलंच : पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं आणि रोजचा उशीर पन्नास. लाटांशी एवढी तडजोड चालते.

हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त नेमका बसतो. मुरगावला भरती मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी येते. पण आमच्यासारखे जे नदीत आत राहतात त्यांच्यापर्यंत पाणी पोचायला पुन्हा उशीर होतो, त्यामुळे आमच्या बांधावर पाऊणपट बऱ्यापैकी जुळते. नेमकी वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता मोबाइलवर मिळतो. आठवडाभर आपल्या गावात तक्त्याची वेळ आणि प्रत्यक्ष पाणी ताडून बघा, आपल्या बांधाचा फरक कळून येतो. तेवढं केलं की पुरे.

एक शब्दजोडी मात्र लक्षात असू द्या : उधाण आणि भांग. रांपण ओढताना सगळे एकाच बाजूला ओढतात म्हणून जाळं येतं. निम्मे लोक काटकोनात ओढू लागले तर निम्मा जोर फुकट. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात येतात, तो भांग. आमच्याकडे उधाणाला भरती-सुकतीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला जेमतेम एक मीटर. चिखलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. सपाट काठावर पाणी एक हात जास्त उतरलं तर कितीतरी रुंद पट्टा उघडा पडतो. माझा पहिला रविवार पौर्णिमेला लागून होता आणि दुसरा अष्टमीला. दिनदर्शिका स्वयंपाकघरातच टांगलेली होती, बघितली असती तर!

पाणी सुकल्यावर चिखलात काय चालतं?

बहुतेक लोक इथून नाक मुरडून पुढे जातात. तुम्ही थांबा. बांधाच्या कडेला खाली बसा आणि पाच मिनिटं हलू नका. तुमच्या पावलांच्या हादऱ्याने बिळात गेलेले जीव आधी पुन्हा वर येऊ द्या.

पहिल्यांदा येतात फिडलर खेकडे. नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी मोठी असते आणि ती तो हवेत खालीवर हलवत असतो, कुणाला तरी बोलावत असल्यासारखी. बोलावतही असतोच, मादीला. शिवाय शेजारच्या नराला 'लांब राहा' असं बजावतही असतो. जेवायला ही नांगी अजिबात कामाची नाही. मादी दोन्ही छोट्या नांग्यांनी भराभर चिखल तोंडात टाकते आणि नर बिचारा एकाच हाताने, दुसरा हात मिरवण्यात अडकलेला. चिखलातलं खाण्याजोगं तेवढं चोखून उरलेल्याच्या गोळ्या हे खेकडे बाहेर टाकतात. बिळाभोवती बुंदी पाडल्यासारख्या बारीक गोळ्या दिसल्या तर त्या याच. पुढची भरती त्या पुसून टाकते. पाणी यायच्या आधी बरेच खेकडे बिळात शिरून तोंडाशी चिखलाचं बूच मारतात. आणि हे त्यांना पाणी बघून कळतं असंही नाही. समुद्रापासून दूर प्रयोगशाळेत ठेवलेल्या फिडलर खेकड्यांचाही भरती-ओहोटीचा ठेका काही दिवस तसाच चालू राहतो. घड्याळ पोटातच आहे.

मग निवटी. हा मासा आहे, हे आधी कुणाला पटत नाही. बोटाएवढा, चिखलाच्या रंगाचा, डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे. पुढच्या परांवर अंग उचलून, कुबड्यांवर चालावं तसा पुढे सरकतो आणि दचकला तर टुणकन उडी मारतो. पाण्याबाहेर श्वास कसा घेतो? पाणबुड्याची सिलिंडरं उलटी करून बघा. कल्ल्यांच्या पोकळीत तो थोडं पाणी भरून घेतो, शिवाय ओली कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांतूनही हवा घेतो. म्हणून अंग ओलं ठेवणं त्याला भाग आहे. मधेच एका कुशीवर लोळतो ते त्यासाठीच. त्याचे डोळे एक एक करून आत जाताना बघा. खाली ओलसर खोबणी असते, तिथे डोळा बुडवून पुन्हा वर काढतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी जायला उशीर झाला आणि कारण सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही.

एवढं सगळं ताटात वाढलेलं असताना पक्षी येणारच. पण ते एकाच पंगतीला बसत नाहीत. चिखल्याची चोच आखूड, तो धावत जाऊन वरवरचं टिपतो. तुतवाराची थोडी लांब, तो बोटभर खोल जातो. कर्ल्यूची चोच लांबलचक आणि खाली वाकलेली, तो खेकड्याच्या बिळात थेट तळापर्यंत हात घालतो. ढोकरी पाण्याच्या कडेला खांबासारखी उभी असते, परतणाऱ्या पाण्यात मागे राहिलेल्या मासोळीसाठी. चोचीची लांबी बघायची आणि खोली ओळखायची, हा खेळ मुलांना फार आवडतो. यातले बरेच पक्षी उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले असतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च ही फेरी भरगच्च.

मग भरतीला सगळे जातात कुठे?

माझी खरी चूक इथे झाली होती. भाऊ आणि मी, दोघंही नदीकडे तोंड करून उभे होतो.

चिखलावर पाणी चढलं की चिखलपक्ष्यांचं ताट उचललं जातं. ते काही दुसऱ्या गावाला जात नाहीत, बांध ओलांडून आत येतात. कापणी झालेल्या खाजनाच्या शेतात, पोंयीच्या काठावर, जवळ मिठागर असेल तर त्याच्या वाफ्यांच्या कडांवर, एका पायावर, चोच पाठीत खुपसून भरती ओसरायची वाट बघतात. त्या संध्याकाळी आमच्या पाठीमागे तीनशे पावलांवर, भाताच्या खुंटांमध्ये ते सगळे बसले असणार. तपकिरी रंग, हालचाल नाही, उजेड उतरलेला. दिसले असते, पण वळून बघायला हवं होतं.

म्हणून पाणी भरलेलं असेल तर शेताकडे बघा आणि सुकलेलं असेल तर नदीकडे. त्या पक्ष्यांना दोन्ही जागा लागतात, जेवायची आणि विसाव्याची, आणि त्या उडत एका मिनिटाच्या अंतरावर लागतात. नुसती नदी राखली आणि मागचं शेत भराव घालून संपवलं, तर भरतीचे सहा तास त्यांनी काढायचे कुठे?

मानशीवर कोण जेवतं?

सुकतीला मानस उघडली की पोंयीतलं पाणी अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडतं आणि त्याबरोबर मासेही. माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मानशीच्या तोंडाशी जाळं लावायच्या हक्काचा लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत. पण हे पाणमांजरांनाही ठाऊक आहे.

(शब्दाचा घोळ होतो म्हणून सांगतो : उदमांजर वेगळं. ते झाडावर चढतं, रात्री फळं खातं, कधी घराच्या कौलांवर धावतं. पाणमांजर पाण्यातलं, चपट्या शेपटीचं, माशांवर जगणारं.)

आमच्याकडचं पाणमांजर कुटुंबाने हिंडतं. एकदा दिवेलागणीला मानशीपासून वीसेक पावलांवर उभा होतो. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला, मग पाण्यात एकामागून एक पाच डोकी. एक जण चिऱ्यावर चढला, पुढच्या दोन पंजांत मासा धरला आणि डोक्याकडून खायला लागला. काकडी चावल्यासारखा कुरूम-कुरूम आवाज इतक्या लांबून ऐकू येत होता. दोन मिनिटांत सगळे बांध ओलांडून पोंयीत उतरले, आणि मी श्वास सोडला.

ते दिसणं नशिबाचं असतं, पण खूण रोज दिसते. बांधावर ठराविक उंचवट्यावर, पुष्कळदा मानशीच्या चौकटीवरच, त्यांची विष्ठा पडलेली असते. माशांचे खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि मासळीचा उग्र वास. आपण दारावर पाटी लावतो तशी ही त्यांची पाटी. एकच जागा महिनाभर बघत राहिलात तर कुटुंब अजून इथेच आहे की निघून गेलं, ते कळतं.

मानस घेणारे पाणमांजरावर वैतागतात, आणि जाळं फाटलं की कुणीही वैतागेल. पण पोंयीत मासे राहतात ते झडप नीट लागते-उघडते म्हणून, हे दोघांनाही लागू आहे.

आणि मगर?

हा प्रश्न हमखास येतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. या एरवी गोड्या पाण्यात राहणाऱ्या जातीच्या, इथे निमखाऱ्यात रुळलेल्या. फोंड्याकडच्या बोरी गावात पौष अमावास्येला 'मांगे थापणी' होते. खाजनाचे शेतकरी काठच्या चिखलाची मगर थापतात, शिंपल्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. बांध सांभाळणारी म्हणून. आता तिथीची पाऊणपट करून बघा : अमावास्या, म्हणजे उधाण, म्हणजे बांधावर पाण्याचा सगळ्यात जास्त ताण येण्याचा दिवस. पूजेची तिथी याच कारणाने ठरली असं मी म्हणणार नाही, पण योग लक्षात राहण्यासारखा आहे.

तुमच्या फेरीपुरतं एवढंच : त्या भागात असाल तर बांधावरूनच बघा, पाण्याच्या कडेला उतरू नका, कुत्रा घरी ठेवा.

"बांध फुटला तर निसर्गच परत येतो ना?"

हा आक्षेप शहाण्या माणसांकडून ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बांध फुटला, दुरुस्त झाला नाही, तर शेतात रोज दोनदा खारं पाणी येतं. वाहत आलेली कांदळाची रोपं रुजतात आणि काही वर्षांत तिथे खारफुटीचं रान उभं राहतं. खारफुटी माशांची पाळणाघरं आहे, काठ धरून ठेवते. मग तक्रार कसली?

मला विचाराल तर तक्रार आहे. पहिली गोष्ट, खारफुटी बांधाच्या बाहेर आधीच आहे आणि असायलाच हवी. बांधाच्या आत ती पसरली की गोड्या पाण्याचा भाग जातो. पावसाळ्यातले बेडूक, त्यांच्यावरचे साप, भातातले पक्षी आणि भरतीचा विसावा, सगळं त्याबरोबर जातं. दाट रानात चिखलपक्षी उतरत नाहीत, त्यांना चहूकडे नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. म्हणजे निसर्ग परत येतो हे अर्धंच खरं. दोन निसर्ग होते, त्यांतला एक उरतो.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. कोरगुट हे खारटपणा सोसणारं भात आहे, पण तेही मिठात उगवत नाही. जूनच्या पावसाने शेतातलं मीठ धुऊन मानशीतून बाहेर गेलं तरच ते रुजतं. झडप मोडलेली असेल, किंवा जास्त मासे आत यावेत म्हणून भरतीला मुद्दाम उघडी ठेवली असेल, तर धुणं एका बाजूने आणि मीठ घालणं दुसऱ्या बाजूने. अशी दोन-तीन वर्षं गेली की शेत पडीक पडतं. पडीक शेताचा बांध कोण बघणार? तो फुटतो, आणि भगदाड दर उधाणाला रुंदावत जातं. एकदा खारफुटी उगवली की कायद्याने ती तोडता येत नाही आणि तोडूही नये. मग शेत परत मिळवायची वाटही बंद. पूर्वी गांवकारी ही गावाची जमीन सांभाळणारी संस्था, म्हणजे पोर्तुगीज अमलातली कोमुनिदाद, बांधाची जबाबदारी घ्यायची. कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांत हे काम नीट चालतं, काही ठिकाणी फुटल्यावरच सगळ्यांना बांध आठवतो.

कागदावर संरक्षण आहे. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींसाठी वेगळी तरतूद केली : त्यांचे नकाशे करायचे आणि तिथे बांधकामासारखा विकास होऊ द्यायचा नाही. पण भराव टाकायला बंदी घालता येते, झडप बदलायला माणूसच जावा लागतो.

"तिथे डास नाहीत का?"

आहेत, संध्याकाळी तर आहेतच, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पण डासांना साचलेलं पाणी लागतं. पाणी रोज हलतं आणि मासे फिरतात तिथे त्यांच्या अळ्यांचं फारसं चालत नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त डास मानशीजवळ नाहीत. रस्त्यासाठी भराव टाकून ज्याची वाट बुजवली त्या डबक्याजवळ आहेत.

दुर्बीण हवीच असं नाही. अंधार पडल्यावर टॉर्च लागतो, त्यावर लाल जिलेटिन कागद लावला तर प्राणी कमी बिचकतात. आणि परतताना माडांच्या बाजूला एकदा कान द्या. आमच्याकडे सातच्या सुमारास एक कोल्हा सुरू होतो आणि मग पलीकडच्या बांधावरून बाकीचे साथ देतात.

परवा भावाचा फोन आला, पुढच्या महिन्यात यायचं म्हणतोय. तारीख सांगितली. मी स्वयंपाकघरात जाऊन दिनदर्शिका बघितली : षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे सहाच्या सुमारास पाणी उतरायला लागलेलं, मानस उघडायच्या बेतात. म्हटलं, पाचला शेताकडे तोंड करून बसू, सहा वाजता मानशीवर जाऊ.

"आणि तो खंड्या?" त्याने विचारलं.

म्हटलं, तार अजून तिथेच आहे.